आधीच्या बाईची तक्रार

लग्न ठरवताना आपल्याकडे चौकशी होते. मुलगा कुठे नोकरीला, पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, बहिणींची लग्नं झाली का, घराण्यात काही आजार आहे का. काकांचा कुणी मित्र त्याच बँकेत असतो, मावशीच्या ओळखीचं कुणी त्याच सोसायटीत राहतं, आणि दोन फोनांत माहिती हाती येते. ‘पितो का?’ हा प्रश्नही हल्ली आडून का होईना विचारला जातो. एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: हा माणूस हात उचलतो का? मुलाचं दुसरं लग्न असेल, तर ‘पहिलीशी पटलं नाही’ एवढ्या तीन शब्दांत विषय मिटतो. का पटलं नाही, हे त्या पहिलीला जाऊन कुणी विचारत नाही.

ती पहिली कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली असेल, तर उत्तर तिथल्या नोंदीत पडून असतं. ते उत्तर दुसरीच्या कानावर जावं का, कुणी घालावं, आणि घातल्यावर पुढे काय, हा या प्रकरणाचा विषय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून असं उत्तर मिळण्याची एक ठरलेली वाट आहे. तिचं सरकारी नाव ‘डोमेस्टिक व्हायोलन्स डिस्क्लोजर स्कीम’. लोक तिला ‘क्लेअर्स लॉ’ म्हणतात, क्लेअरचा कायदा.

क्लेअर वुड मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डमध्ये राहत होती. वय ३६, पदरी दहा वर्षांची मुलगी. जॉर्ज ॲपलटनशी तिची ओळख फेसबुकवर झाली. नातं काही काळ टिकलं, मग तिने ते तोडलं. त्याने पाठ सोडली नाही. शेवटच्या महिन्यांत ती पुन्हा पुन्हा पोलिसांकडे गेली. त्याने मोडतोड केली, तो त्रास देतो, जिवे मारण्याची धमकी देतो, त्याने लैंगिक अत्याचार केला, हे सगळं तिने सांगितलं. तिच्या घरात धोक्याची घंटाही बसवली गेली होती. २००९ च्या फेब्रुवारीत ॲपलटनने तिच्याच घरात तिचा गळा आवळला आणि मृतदेह पेटवून दिला. काही दिवसांनी एका बंद पडलेल्या पबमध्ये तोही गळफास घेतलेल्या अवस्थेत सापडला. त्यामुळे खटला चाललाच नाही.

मग ॲपलटनचा इतिहास बाहेर आला. स्त्रियांना सतत छळणं, धमक्या, एका जुन्या मैत्रिणीला चाकूच्या धाकाने पळवून नेणं. तो तुरुंगातही जाऊन आला होता. हे सगळं पोलिसांच्या नोंदीत होतं. ते क्लेअरसमोर ठेवण्याची मात्र कुठलीही पद्धत नव्हती.

क्लेअरचे वडील मायकल ब्राऊन यांनी हे धरून ठेवलं. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी, म्हणजे कोरोनर, तिकडे आजही असतो. आपल्या मुंबईतही नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत कोरोनरचं न्यायालय होतं, जुन्या मुंबईकरांना ते आठवत असेल. २०११ मध्ये क्लेअरच्या मृत्यूच्या चौकशीअखेर कोरोनर जेनिफर लीमिंग यांनी सुचवलं, की जोडीदाराचा हिंसक इतिहास स्त्रीला कळवता येईल का, याचा सरकारने विचार करावा. सॅल्फर्डच्या मजूर पक्षाच्या खासदार हेझल ब्लिअर्स यांनी वडिलांची मागणी संसदेत लावून धरली. गृहमंत्री होत्या हुजूर पक्षाच्या थेरेसा मे. त्यांनी ती मान्य केली. २०१२ मध्ये ग्रेटर मँचेस्टर, नॉटिंगहॅमशर, विल्टशर आणि वेल्समधील ग्वेंट या चार पोलीस दलांत प्रयोग सुरू झाला. १४ महिन्यांत १११ वेळा माहिती दिली गेली. ८ मार्च २०१४ ला, महिला दिनी, योजना इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या ४३ पोलीस दलांना लागू झाली. स्कॉटलंडने २०१५ मध्ये आणि उत्तर आयर्लंडने २०१८ मध्ये आपापली योजना आणली.

‘कायदा’ हा शब्द इथे थोडा फसवा आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं क्लेअरच्या नावाचा स्वतंत्र कायदा असा नव्हताच. गुन्हा रोखण्यासाठी माहिती देण्याचा अधिकार पोलिसांना परंपरेने होताच, तो वापरायचा कसा याची नियमावली तेवढी गृहखात्याने घालून दिली. त्याआधी लहान मुलांच्या बाबतीत असाच एक रस्ता पडला होता. २००० मध्ये सेरा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला. खुनी आधीच लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला होता. त्यातून ‘सेराज लॉ’ आला, आणि मुलांच्या आसपास वावरणाऱ्या माणसाबद्दल पालकांना पोलिसांकडे विचारता येऊ लागलं. क्लेअरच्या वडिलांची मागणी त्याच वाटेने पुढे गेली. २०२१ च्या ‘डोमेस्टिक अब्यूज ॲक्ट’ने या नियमावलीला वैधानिक आधार दिला. एप्रिल २०२३ पासून पोलिसांना ती विचारात घ्यावीच लागते, आणि अर्ज आल्यापासून माहिती देईपर्यंतची मुदत ३५ दिवसांवरून २८ वर आली.

योजनेला दोन दारं आहेत. एक विचारण्याचं. सध्याच्या किंवा पूर्वीच्या जोडीदाराबद्दल कुणीही, बाई असो वा पुरुष, पोलिसांना विचारू शकतो. आई, भाऊ, मैत्रीण, शेजारी यांनाही विचारता येतं, पण उत्तर त्यांनाच मिळेल असं नाही. ज्याच्या हाती संरक्षण आहे त्याला, म्हणजे बहुतेक वेळा त्या बाईलाच, ते दिलं जातं. दुसरं दार कळवण्याचं. बाईने काहीच विचारलेलं नसतं, पण पोलिसांच्या लक्षात येतं की या माणसाच्या घरात आता एक नवी बाई राहायला आली आहे आणि तिच्या जिवाला धोका असू शकतो. अशा वेळी ते स्वतःहून तिच्यापर्यंत जातात. मला हे दुसरं दार जास्त महत्त्वाचं वाटतं. संशय आल्याशिवाय कुणी विचारायला जात नाही, आणि जिला संशयच येऊ दिलेला नाही ती सगळ्यात जास्त धोक्यात असते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते एक प्रसंग कल्पून पाहू. समजा, सांगलीची एक नर्स लेस्टरच्या एका रुग्णालयात काम करते. घटस्फोटित, वय चाळिशीच्या आत, सोबत एक मुलगा. वर्षभरापूर्वी एका माणसाशी ओळख झाली, आता तो तिच्या घरी राहायला आला आहे. माणूस गोड बोलणारा, मुलाला फुटबॉल खेळायला नेणारा. एका रात्री भांडणात त्याने तिचा फोन भिंतीवर आपटला. नंतर रडला, दुसऱ्या दिवशी नवा फोन आणून दिला. त्या नव्या फोनमध्ये त्याने आधीच एक ॲप घालून ठेवलं होतं, ती कुठे आहे ते त्याला कळावं म्हणून. आणि आधीच्या बायकोबद्दल तो एवढंच म्हणाला होता, ‘ती वेडी होती.’

हे वाक्य कानावर आलं की पुढे जाऊ नये, थांबावं. ‘पटलं नाही’ याचंच ते दुसरं रूप आहे. आधीची बाई वेडी, संशयी, पैशाची लोभी होती, असं सांगणारा प्रत्येक जण मारकुटा असतो असं नाही. पण मारकुट्या माणसाला हे सांगावंच लागतं. आधीची बाई खोटी ठरल्याशिवाय त्याला नव्या घरात जागा मिळत नाही.

ती १०१ वर फोन करते. तातडीची मदत हवी असेल तर ९९९, बाकी पोलिसांचं काम असेल तर १०१, अशी तिकडे विभागणी आहे. ऑनलाइन अर्जही करता येतो, ठाण्यात जाऊनही विचारता येतं. पलीकडून त्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आधी दुसरं नाव लावत होता का, हे विचारतात. मग विचारतात: तुम्हाला फोन करायला सुरक्षित नंबर कोणता, वेळ कोणती, तुमचे मेसेज दुसरं कुणी वाचतं का. ती रुग्णालयातल्या वॉर्डचा नंबर देते. हे बारीक वाटतं, पण सगळी योजना यावर तरते किंवा बुडते. घरी पोलिसांचा फोन आला आणि तो त्याने उचलला, तर विचारल्याचीच शिक्षा तिला मिळायची.

पहिली तपासणी लगेच होते. तिच्यावर हल्ला होऊ घातला आहे असं दिसलं, तर २८ दिवसांची वाट कुणी पाहत नाही, पोलीस थेट हालचाल करतात. नाहीतर पुढची पायरी समोरासमोर भेटीची. ती तीच आहे हे दाखवायला ओळखपत्र लागतं. याचं कारण उघड आहे. मारकुटा माणूसही बाईचं सोंग घेऊन आपल्याबद्दल पोलिसांकडे काय आहे हे काढून घेऊ शकतो. मग धोका मोजण्यासाठी ठरलेले प्रश्न येतात. त्याने कधी गळा दाबलाय का? तुम्ही गरोदर आहात का? वेगळं होण्याचं बोलला आहात का? तो पाळत ठेवतो का? पैसे कुणाच्या हातात असतात? घरातल्या पाळीव जनावराला त्याने इजा केली आहे का? प्रश्न अंधारात चाचपडत विचारलेले नाहीत. यातली प्रत्येक गोष्ट पुढे खुनापर्यंत गेलेल्या कितीतरी घरांत आधी घडून गेलेली असते, म्हणून ती यादीत आहे. गळा दाबण्याचं तर विशेष. मारहाणीच्या मानाने खुणा कमी उमटतात, बाई म्हणते ‘थोडा वेळ धरलं फक्त’, आणि ऐकणाराही ते वाक्य सोडून देतो. इंग्लंडने जून २०२२ पासून, जीव गेला नाही तरी, गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हा केला आहे.

यानंतर ती फाइल एकट्या पोलिसांची राहत नाही. तुरुंगातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारं प्रोबेशन खातं, बालकल्याणाचं काम करणारे, कधी आरोग्य खात्याचे लोक एकत्र बसतात आणि ठरवतात: सांगायचं का, काय सांगायचं, कुणी सांगायचं. कसोटी तीन शब्दांची असते. सांगणं कायदेशीर हवं, गरजेचं हवं आणि धोक्याच्या मानाने बेताचं हवं. समोरच्या माणसालाही खासगीपणाचा हक्क आहे, जुनी शिक्षा भोगून माणूस खरंच बदललेला असू शकतो. पण सांगायच्या माहितीत शिक्षा झालेले गुन्हेच असतात असं नाही. सिद्ध न झालेल्या तक्रारी, पोलिसांनी घेतलेल्या इतर नोंदी, यांचाही विचार होतो. यावर तिकडे वाद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. तरी माझं मत असं, की घराच्या बंद दारामागे घडणाऱ्या गुन्ह्यात फक्त शिक्षेला पुरावा मानलं तर सांगण्यासारखं जवळपास काहीच उरणार नाही. तीन वेगवेगळ्या बायकांनी तीन गावांत एकाच माणसाविरुद्ध तक्रार केली, तिन्ही मागे घेतल्या. न्यायालयात याची किंमत शून्य. चौथीसाठी याची किंमत मोठी आहे.

मग एक दिवस तिला बोलावतात, किंवा ठरलेल्या सुरक्षित जागी भेटतात. शक्य असेल तिथे पोलिसाबरोबर हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी काम करणारी सल्लागार बसते. अधिकारी तोंडी सांगतो. हातात कागद देत नाहीत, फोटो काढू देत नाहीत. ऐकण्याआधी तिची सही घेतात: ही माहिती मी माझ्या आणि माझ्या मुलांच्या रक्षणासाठीच वापरेन. कुणाला सांगायची गरज वाटली तर आधी पोलिसांशी बोलायचं. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, त्याच्या ऑफिसला कळवायचं नाही. भलत्याच कामाला वापरली तर तिच्यावरही कारवाई होऊ शकते.

ज्यांना हा नियम कठोर वाटतो त्यांनी आधीच्या बाईचा विचार करावा. ती नाव बदलून, गाव बदलून कुठेतरी नव्याने जगत असेल. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र एका अनोळखी बाईला सांगितली जाते आहे, तिला न विचारता. अधिकाऱ्याला बोलताना तिचं नाव, शहर, मूल, काहीही निसटू न देता तिचा अनुभव सांगायचा असतो. तोल सांभाळणं अवघड आहे. फार मोघम सांगितलं तर ऐकणारीला वाटतं, ‘एवढंच ना, कुणाच्या घरी भांडणं होत नाहीत?’ फार नेमकं सांगितलं तर पहिली उघडी पडते.

आणि काहीच नोंद नसेल तर? ‘सांगण्यासारखं काही आढळलं नाही’ असं उत्तर मिळतं. या योजनेतली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या उत्तराची. नियमावलीतही बजावलं आहे, की नोंद नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, हे बाईला स्पष्ट सांगावं. पण भ्यालेल्या माणसाला दिलासा हवा असतो, आणि ‘आढळलं नाही’ हे शब्द कानात ‘माणूस चांगला आहे’ असे उतरतात. घरातली बहुतांश मारहाण कुठल्याच ठाण्यात पोचत नाही. शिव्या, पैसे अडवणं, घराबाहेर पडू न देणं, नातेवाइकांपासून तोडणं, हे तर त्याहून कमी पोचतं. या जाचाला इंग्लंडमध्ये गुन्हा मानलं गेलं तेच २०१५ च्या अखेरीपासून. त्याआधीची बाई तक्रार करायला गेली असती तरी नोंद कशाची झाली असती? मराठीत आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. मारणाऱ्याची मूठ अशीच झाकलेली राहते.

योजनेवर टीका झाली ती स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडूनच, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. क्लेअरने पोलिसांना फोन केले होते. तिची प्रकरणं पोलिसांनी कशी हाताळली हे स्वतंत्र आयोगाने तपासलं, आणि २०१० मध्ये वैयक्तिक चुकांबरोबर व्यवस्थेतल्या त्रुटीही दाखवून दिल्या. म्हणजे तिला माहिती कमी पडली, हे अर्धं सत्य. तिने दिलेली माहिती पुरेशी गंभीरपणे घेतली गेली नाही, हे दुसरं अर्धं. रिफ्यूज ही ब्रिटनमधली आश्रयगृहं चालवणारी मोठी संस्था. हाक मारल्यावर पोलिसांनी नीट धावून जाणं आणि आश्रयगृहात जागा असणं आधी हवं, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या कायदा आयोगाने सगळ्या बाजू तपासून आपल्या राज्यात अशी योजना आणू नये असाच सल्ला दिला. त्याच देशात न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये प्रयोग केला होता आणि साउथ ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये योजना सुरू केली. न्यूझीलंडमध्ये ती २०१५ च्या अखेरीस आली. कॅनडाच्या सस्कॅचवनने २०२० मध्ये कायदा लागू केला खरा, पण तिथल्या खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या केंद्रीय पोलीस दलाने आधी अंग काढून घेतलं. केंद्राचा खासगीपणाचा कायदा आड येतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे नियम बदलले गेले आणि मग ते दल सामील झालं. कागदावर हक्क आणि ठाण्यात नकार, ही अडचण आपल्याच देशाची आहे असं समजायचं कारण नाही.

टीकेतला सगळ्यात खोल मुद्दा वेगळाच आहे. सांगितल्यानंतर बाईने काय करावं? अपेक्षा एकच असते, तिने सोडून जावं. पण घर कुणाच्या नावावर आहे, मुलाची शाळा कुठे, तिचा व्हिसा कुणावर अवलंबून आहे? आणि सोडून जाण्याचा काळ हाच सगळ्यात धोक्याचा असतो, क्लेअरलाही नातं तोडल्यानंतरच मारलं गेलं. बाई राहिली आणि काही घडलं, तर सगळे म्हणणार, ‘तुला सांगितलं होतं ना?’ म्हणजे मारणाऱ्याची जबाबदारी हळूच सरकत तिच्या पदरात पडते. म्हणून सांगण्याच्या खोलीत त्या सल्लागार बाईने बसणं मला अधिकाऱ्याच्या शब्दांइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढच्या मंगळवारी कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, कागदपत्रांची पिशवी कुणाकडे ठेवायची, हे तीच ठरवून देते.

परक्या देशात राहणाऱ्या आपल्या बायकांना यात आणखी एक भीती असते. पोलिसांकडे गेले तर माझ्याच व्हिसाची चौकशी निघेल. ही भीती हवेतली नव्हती. ब्रिटनमधली पोलीस दलं हिंसेच्या बळींची माहिती स्थलांतर खात्याला देत होती. लिबर्टी आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या दोन संस्थांनी २०१८ मध्ये त्याविरुद्ध रीतसर तक्रार नेली, आणि २०२० मध्ये तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ही पद्धत थांबवावी असं सुचवलं. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काम करते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हे नाव माहीत असावं. आणखी एक गोष्ट: मोबाइलवरून ९९९ लावला आणि बोलता येत नसेल, तर सांगितल्यावर ५५ दाबायचं. फोन चुकून लागलेला नाही, हे पलीकडे कळतं.

अमेरिकेने हाच प्रश्न लग्नाच्या वाटेवर अडवायचा प्रयत्न केला आहे. परदेशी वाग्दत्त वधूला बोलावणाऱ्या नागरिकाला हिंसेच्या ठरावीक गुन्ह्यांत झालेली शिक्षा अर्जात सांगावी लागते, आणि मुलाखतीच्या वेळी दूतावासातला अधिकारी ती वधूला कळवतो. २००६ च्या सुरुवातीला झालेल्या कायद्याने हे आलं, विवाहसंस्थांमार्फत आणलेल्या दोन स्त्रियांचे खून झाल्यानंतर.

भारतात अशी योजना नाही. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागते, पण नवऱ्याबद्दल विचारायची खिडकी नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ मध्ये तयार झाली, ती पोलिसांनाच पाहता येते. ई-कोर्ट्सवर नाव टाकून खटले शोधणारे आईवडील असतात, पण एकाच नावाचे पंधरा जण निघतात. तरी उद्या आपल्याकडे क्लेअरचा कायदा जसाच्या तसा आणला, तर तो काय सांगेल? आपल्या नोंदींत असतं काय?

एखादी बाई महाराष्ट्रातल्या ठाण्यात जाऊन सांगते, नवऱ्याने मारलं. दुखापत साधी असेल तर बहुतेक वेळा ‘एनसी’ घेतात, अदखलपात्र गुन्हा. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. नवऱ्याला बोलावून ‘समज’ देतात. बाई घरी जाते. प्रकरण वाढलं आणि ४९८-अ लागलं (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), तरी शेवट ठरलेला असतो. परस्परसंमतीने घटस्फोट, पोटगीची एकरकमी रक्कम, आणि अट अशी की सगळ्या केसेस मागे घ्यायच्या. गुन्हा आपसांत मिटवता येण्यासारखा नाही, म्हणून दोघं उच्च न्यायालयात जातात आणि गुन्हा रद्द करून घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २००३ पासून ही वाट मोकळी ठेवली आहे. मी त्या बाईला दोष देणार नाही. दहा वर्षं तारखांना खेटे घालण्यापेक्षा पैसे आणि सुटका ही निवड शहाणपणाची असते. पण त्या समझोत्यात तिची तक्रार विकली जाते, आणि ती विकत घेणारा माणूस कोऱ्या पाटीने पुढच्या स्थळाकडे जातो. ‘पटलं नाही’ म्हणायला तो मोकळा.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा (अमलात २६ ऑक्टोबर २००६) थोडी वेगळी वाट देतो. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल लिहितो, न्यायालय संरक्षण आदेश देतं, आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात याहून जुनी एक व्यवस्था आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. पोलीस आवारातच सामाजिक कार्यकर्ती बसते, बाईचं म्हणणं सविस्तर लिहून घेते. लेस्टरच्या खोलीतली ती सल्लागार आपल्याकडे तीस वर्षं आधीच खुर्ची टाकून बसली होती, हे मला अभिमानाचं वाटतं. तिने लिहून ठेवलेल्या वह्यांत कितीतरी माणसांची नावं एकाहून जास्त वेळा आली असतील. आज कुणाला १८१ किंवा ११२ वर फोन करावासा वाटला, तर तोही कुठेतरी लिहिला जातो. ते लिहिलं जाणं फुकट जात नाही, निदान जायला नको.

लेस्टरच्या त्या खोलीत अधिकारी बोलून थांबला आहे. दोन बायका, सहा वर्षांत. एकीचा गळा दाबला होता. दुसरीने तक्रार मागे घेतली. सांगलीची ती नर्स टेबलाकडे बघत बसली आहे. सल्लागार बाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तिने तो उचलला नाही. मुलाला आज शाळेतून कोण आणणार, एवढं तिला विचारून घेतलं गेलं आहे.

‘ती पहिली,’ बऱ्याच वेळाने ती विचारते, ‘ती आता बरी आहे का?’

अधिकाऱ्याला याचं उत्तर देता येत नाही. तो फाइल मिटतो.